जेनोवातला मुक्काम : भाडं किती, वरखर्च किती

मोबाइलवर खोलीचा दर दिसतो ६५ युरो. तीन रात्रींचे १९५, म्हणजे वीसेक हजार रुपये, असा तोंडी हिशेब करून माणूस बुकिंग करून टाकतो. प्रत्यक्ष पोहोचल्यावर शहराचा कर वेगळा मागतात. न्याहारी दरात धरलेली नसते. एसीचे दिवसाला काही युरो निघतात. आणि हॉटेल तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, हे दोन्ही हातांत बॅगा असताना कळतं. यात कुणी फसवलेलं नसतं. सगळं कुठे ना कुठे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते वाचायचा कंटाळा महागात पडतो.

जेनोवा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं जिनोआ, इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं मोठं बंदर. महाराष्ट्रातून इथे मुक्कामाला येणारे साधारण तीन तऱ्हांचे. भूमध्य समुद्रातल्या क्रूझसाठी आदल्या दिवशी येऊन थांबणारे; चिंक्वे तेर्रेची गावं बघायला परवडणारं ठाणं शोधणारे; आणि घरचं कुणी मर्चंट नेव्हीत आहे, जहाज बंदराला लागतंय, म्हणून भेटायला येणारे. यांतल्या कुणालाच झुंबरं नको असतात. स्वच्छ खोली, गरम पाणी आणि नीट बंद होणारं दार मिळालं की पुरे.

या सगळ्यांना एकच सल्ला. जेनोवात पैसे जागेवर, लिफ्टवर आणि बाथरूमवर खर्च करा. न्याहारी आणि समुद्र दिसणारी खिडकी यांवर वाचवा. पुढचे आकडे युरोत आहेत. मनातल्या मनात एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा आणि शेवटी पाच टक्के वाढवा. दर अंदाजी आहेत, मोसमाप्रमाणे खालीवर होतात. पण घरी बसून बजेट आखायला पुरेसे आहेत.

खोलीला किती पडतात

दोघांच्या खोलीचे, एका रात्रीचे साधारण दर असे:

- एका ताऱ्याचं हॉटेल, बाथरूम सामाईक : ५० ते ६५
- एक किंवा दोन ताऱ्यांचं, बाथरूम खोलीतच : ६५ ते ९५
- घरगुती बी अँड बी : ६५ ते १००
- तीन ताऱ्यांचं साधं हॉटेल : ९० ते १३०
- होस्टेलमधली एक खाट (माणशी) : २५ ते ४०

एकट्याने जाणाऱ्याला निम्म्यात खोली मिळत नाही. एकट्याची खोली दोघांच्या खोलीच्या पाऊण दराला पडते, आणि बहुतेक वेळा तीच इमारतीतली सर्वांत चिंचोळी खोली असते. तिघं असाल तर उलटं. तिसरी खाट टाकून घेतली की माणशी खर्च चांगलाच उतरतो.

सर्वांत स्वस्त काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, नाताळ आणि नव्या वर्षाचे दिवस सोडून. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेनोवात पाऊस धो धो कोसळतो. २०११ च्या नोव्हेंबरात आणि २०१४ च्या ऑक्टोबरात शहरात मोठे पूर आले होते. आता पावसाचा इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत देतात. लाल इशारा असेल त्या दिवशी तळमजल्यावरची खोली नको आणि नदीकाठची पायपीटही नको.

दर चढतात ते ईस्टरला, मे ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी, १५ ऑगस्टच्या सुट्टीच्या आठवड्यात आणि सप्टेंबरात बोटींचं मोठं प्रदर्शन, सालोने नाउतिको, भरतं तेव्हा. प्रदर्शनाच्या दिवसांत ७० ची खोली १४० ला गेली तरी नवल नाही. तारखा पुढेमागे करता येत असतील तर आधी या प्रदर्शनाच्या तारखा बघा.

कुठल्या भागात उतरावं

शहरात मोठी स्टेशनं दोन, पश्चिमेला प्रिन्चिपे आणि पूर्वेला ब्रिन्योले. मधे मेट्रो आहे, आणि किनाऱ्यालगत पूर्वेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या दोन्हीकडे थांबतात. स्वस्त हॉटेलं मुख्यतः या दोन स्टेशनांभोवती आणि मधल्या जुन्या शहरात आहेत.

*प्रिन्चिपे आणि व्हिया बाल्बी.* क्रूझवाल्यांसाठी सर्वांत सोयीचा भाग. स्टेशनपासून क्रूझच्या धक्क्यापर्यंत, स्ताझिओने मारित्तिमापर्यंत, उतारावरून चालत दहा मिनिटं लागतात. व्हिया बाल्बीवर विद्यापीठ आहे, त्यामुळे दिवसभर वर्दळ असते आणि खाणंही स्वस्त मिळतं. एक मात्र आधी बघा. तिकिटावर बंदराचं नाव जेनोवा आहे की सवोना? सवोना वेगळं गाव आहे, जेनोवापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. कित्येक क्रूझ तिथून सुटतात.

*व्हिया दि प्रे आणि बंदरामागच्या गल्ल्या.* खोल्या सर्वांत स्वस्त इथेच. दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी लोकांची दुकानं असल्याने तांदूळ, डाळ, मसाले सहज मिळतात. दिवसा गजबज, रात्री दहानंतर काही गल्ल्या अगदी सुन्या. माद्दालेना भागातल्या काही बोळांत वेश्याव्यवसाय उघड चालतो. तरुण मित्रमंडळींना चालून जाईल. आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी इथले दहा युरो वाचवू नयेत.

*जुन्या शहराचा आतला भाग.* इथल्या अरुंद बोळांना कारुज्जी म्हणतात. काही इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं. टॅक्सी दारापर्यंत येत नाही. सामान दगडी फरसबंदीवरून स्वतःच ओढायचं. सान लोरेन्झो चर्चच्या आसपास किंवा दे फेर्रारी चौकाजवळ खोली मिळाली तर सगळं पायी होतं.

*ब्रिन्योले.* सरळ रस्ते, चौकोनी इमारती, रात्री शांत. चिंक्वे तेर्रे, कामोली, नेर्वी हे बघायला रोज सकाळी गाडी पकडणार असाल तर हा भाग उत्तम.

दार शोधणं आणि जिना चढणं

जेनोवात एकाच रस्त्यावर घरांना दोन प्रकारचे क्रमांक असतात. राहत्या इमारतींच्या दारांना काळे आणि रस्त्यालगतच्या दुकानांना लाल. लाल क्रमांकाला पत्त्यात ‘आर’ अक्षर जोडतात. म्हणजे १२ आणि १२ आर ही दोन वेगळी दारं, कधीकधी शंभर पावलांच्या अंतरावर. वरच्या मजल्यावरचं हॉटेल बहुतेक काळ्या क्रमांकात सापडतं. रात्री अकराला लाल १२ समोर उभं राहाल तर बंद केशकर्तनालय दिसेल.

दार सापडलं की भिंतीवर पितळी बटणांची पट्टी असते. तीत रहिवाशांच्या नावांमध्ये हॉटेलचं नाव शोधून बटण दाबायचं, खरखरीत आवाजात काहीतरी ऐकू येतं, जड लाकडी दार कटकन सुटतं. आत अंधारा चौक, संगमरवरी जिना आणि नशिबात असेल तर जिन्याच्या मधोमध जाळीच्या पिंजऱ्यातली लिफ्ट. ती दोन माणसांची, म्हणजे एक माणूस आणि एक सुटकेस. आधी सामान वर पाठवायचं, मग आपण.

मजल्याचा आकडाही नीट समजून घ्या. तिकडचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आपल्यासारखाच. पण जुन्या इमारतींत तळमजल्यावर एक पोटमजला असतो, तो मोजत नाहीत. शिवाय छतं उंच. कागदावरचा तिसरा मजला पायांना पाचवा वाटतो. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून थांबू नका; लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी वीस पायऱ्या चढायच्या आहेत, तेही विचारा. या एका सोयीसाठी रात्रीला दहा युरो जास्त द्यावे लागले तरी द्या.

ताऱ्यांचा अर्थ

पाहुण्यांच्या मुक्कामाची प्रतवारी या शहराला नवी नाही. १५७६ साली जेनोवा प्रजासत्ताकाच्या सिनेटने शहरातल्या धनिकांच्या महालांची अधिकृत यादी केली. परदेशी पाहुणा आला की त्याच्या मानाप्रमाणे महालाचा वर्ग ठरे आणि त्या वर्गातून कुणाच्या घरी उतरवायचं हे चिठ्ठी टाकून निघे. राजा किंवा कार्डिनल असेल तर पहिल्या वर्गात. यजमानाला नाही म्हणायची सोय नव्हती. या याद्यांना रोल्ली म्हणत. त्यांतले ४२ महाल २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. त्यांतले काही व्हिया बाल्बी आणि व्हिया गारिबाल्दीवर आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या थोराड इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आपली एक-दोन ताऱ्यांची हॉटेलं.

आजचे तारे सोयी मोजतात, स्वच्छता किंवा आपुलकी नाही. २००८ च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे एका ताऱ्याच्या हॉटेलात रिसेप्शन दिवसाला किमान १२ तास उघडं हवं, खोली रोज झाडली गेली पाहिजे, चादरी-टॉवेल आठवड्यातून एकदा बदलले पाहिजेत. दोन तारे असतील तर आठवड्यातून दोनदा. दोघांच्या खोलीला किमान १४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फूट. प्रदेशागणिक आणि जुन्या इमारतींत थोडा फरक पडतो. काही पाट्यांवर अजून ‘पेन्सिओने’ लिहिलेलं दिसतं. हा सरकारी वर्ग १९८३ च्या कायद्याने गेला, नाव राहिलं; बहुधा ते एकाच कुटुंबाने चालवलेलं एक-दोन ताऱ्यांचं हॉटेल असतं.

बारा तासांचं रिसेप्शन याचा सरळ अर्थ असा, की रात्री दहानंतर काउंटरवर कुणी नसेल. गाडी किंवा विमान उशिराचं असेल तर येण्याची वेळ आधी कळवा. बी अँड बीमध्ये उशिरा येण्याचे १० ते ३० युरो वेगळे लावतात.

भाड्याच्या वर काय काय

*शहर कर.* इटलीत मुक्कामावर माणशी, दर रात्री कर असतो. सर्वसाधारण मर्यादा ५ युरो; एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलात त्याहून कमी बसतो. बजेटात माणशी ३ युरो धरा. संकेतस्थळावरच्या दरात तो बहुतेक नसतो, काउंटरवर भरायचा असतो आणि लहान हॉटेलं तो रोख मागतात. लहान मुलांना सूट असते. मुलाचं वय सांगून विचारा. पावती घ्या.

*न्याहारी.* हॉटेलात माणशी ६ ते १० युरो. मिळतं काय? गोड क्रुआसाँ, पाकिटातली बिस्किटं, जॅम, यंत्रातली कॉफी. हेच कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्याने घेतलं तर साडेतीन-चारात भागतं. तिकडे ‘बार’ म्हणजे कॉफीचं दुकान. टेबलाशी बसलात तर दर वाढतो, म्हणून दोन्ही दर भिंतीवर लावलेले असतात. न्याहारीशिवायचा दर घ्या.

*एसी आणि हीटिंग.* जुलै-ऑगस्टात हवा दमट असते. काही स्वस्त हॉटेलं एसीचे दिवसाला ५ ते ८ युरो वेगळे घेतात. थंडीत प्रश्न वेगळा. राहत्या इमारतींचं सामाईक हीटिंग जेनोवाच्या विभागात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढंच चालवायची मुभा आहे. हॉटेलांना यातून सवलत आहे, पण राहत्या इमारतीच्या एका मजल्यावर चालणारं बी अँड बी बहुधा इमारतीच्याच यंत्रणेवर असतं. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलच्या उत्तरार्धात जाणार असाल तर जादा ब्लँकेट मिळेल का, विचारून ठेवा.

*खिडकी.* स्वस्त दराच्या काही खोल्यांची खिडकी रस्त्याकडे न उघडता आतल्या हवेच्या चौकात उघडते. झोप शांत लागते, पण दिवसाही दिवा लावावा लागतो. समुद्र दिसणाऱ्या खोलीला मात्र १५ ते ३० युरो जास्त मागतात, ते देऊ नका. पियाझ्झा पोर्तेल्लोतून सार्वजनिक लिफ्ट कास्तेलेत्तोच्या गच्चीवर नेते. तिथून पाटीच्या दगडांची करडी छपरं, बंदर आणि १५४३ चा दीपस्तंभ, लान्तेर्ना, सगळं एका नजरेत येतं. कुठल्याही स्वस्त खोलीतून एवढं दिसणार नाही.

*सामान.* खोली साधारण दहा-अकराला सोडावी लागते. क्रूझवर चढायचं दुपारी असतं, परतीची गाडी संध्याकाळी. बहुतेक हॉटेलं सामान फुकट ठेवून घेतात. काही बॅगेला दोन-तीन युरो घेतात. स्टेशनवर तासाच्या हिशेबाने पैसे पडतात.

बाथरूमचं

आपल्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, आणि इटलीत त्याचं उत्तर बऱ्यापैकी समाधानकारक आहे. १९७५ च्या एका सरकारी आदेशाने घरांच्या बाथरूममध्ये बिदे असणं सक्तीचं केलं. कमोडशेजारी बसकं, नळ असलेलं जे भांडं दिसतं ते हेच. हॉटेलांतही ते सहसा असतं. भिंतीवर लटकवलेला छोटा टॉवेल त्याच्यासाठीच असतो. त्याने तोंड पुसू नका. जेट स्प्रे मात्र मिळणार नाही, म्हणून घरून एखादी छोटी बाटली किंवा डबा नेला तर बरं.

सामाईक बाथरूमच्या खोलीत रात्रीला १५-२० युरो वाचतात. पण सामाईक म्हणजे किती खोल्यांत सामाईक, हे विचारा. दोन खोल्यांत असेल तर चालतं. सहा खोल्यांत असेल तर सकाळी साडेसातला रांग लागेल आणि तुमची चिंक्वे तेर्रेची गाडी चुकेल. खोलीत हात धुण्याचं बेसिन आहे का, हेही बघा. शॉवरची जागा बेताची असते. अंगाला साबण लावताना कोपर पडद्याला लागतंच.

जेवणाचा खर्च

शाकाहारी माणसाला जेनोवा इटलीतल्या कितीतरी शहरांपेक्षा सोपं जातं. इथला गरिबांचा जुना पदार्थ फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस. लाकडाच्या भट्टीत, कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत भाजतात. कडा कुरकुरीत, मधे मऊ. चव थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याकडे जाणारी. बंदराजवळच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली आणि जुन्या शहरात टाइल्स लावलेली छोटी दुकानं आहेत, तिथे परातीतून तुकडे कापून कागदात देतात. तीन-चार युरोत एक भाग. काही ठिकाणी वरून बारीक मासळी किंवा कांदा घालतात, म्हणून ‘साधी’ मागा.

दुसरा आधार फोकाच्चाचा. जाडसर, वर बोटांनी खळगे पाडलेला, तेलात न्हालेला हा पाव बेकरीत वजनावर मिळतो. हाताने मोठेपणा दाखवायचा, बेकरीवाली कापते, तोलते, कागदात गुंडाळते. दोन युरोत सकाळ निघते. इथले लोक तो कॅपुचिनोत बुडवून खातात; एकदा करून बघायला हरकत नाही. तिसरं, भाज्यांचं सारण भरलेली तोर्ता. आत अंडं आणि चीज असतं, अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

पेस्तोचं घर हेच. पण त्यात लसूण असतो आणि पार्मिजानो चीज असतं, ज्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कडक शाकाहार आणि जैन आहार पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ट्राटोरियात, म्हणजे साध्या खाणावळीत, बसून एका माणसाचं रात्रीचं जेवण, एक पास्ता, एक भाजी आणि पाणी, १८ ते २५ युरो. बिलावर ‘कोपेर्तो’ या नावाने माणशी दीड ते तीन युरो दिसतील. टेबलाचे आणि पावाचे ते पैसे, मेन्यूवर लिहिलेले असतात. टिप सक्तीची नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, हॉटेलातून बाटली भरून निघा. दुपारी अडीचनंतर संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक स्वयंपाकघरं बंद राहतात, हे लक्षात घेऊन भूक आखा.

घरून खाऊ नेणाऱ्यांना एक इशारा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवा. मेतकूट, चिवडा, चटण्या चालतात. खोलीत चहाची किटली सहसा नसते आणि आपली नेलेली वापरू देतीलच असं नाही. आपल्या चार्जरचा दोन बारीक पायांचा प्लग तिकडे बसतो, तीन जाड पायांचा बसत नाही, अडॅप्टर न्या.

कागदपत्रं, पैसे आणि तुमचे हक्क

पोहोचल्यावर प्रत्येकाचा पासपोर्ट मागतील. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं हॉटेलवाल्याला कायद्याने भाग आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत घ्या, तो काउंटरवर ठेवून फिरायला जाऊ नका.

हॉटेल असो की बी अँड बी, मुक्कामाच्या प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळख क्रमांक असतो. ‘चिन’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. २०२५ पासून तो जाहिरातीत आणि दारावर देणं सक्तीचं आहे. ज्या जाहिरातीत तो नाही, ती खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा.

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारं बुकिंगच घ्या. ते पाच-दहा टक्के महाग पडतं, पण व्हिसा नाकारला गेला तर पूर्ण रक्कम वाचते. व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे आणि ती परत मिळत नाही.

थेट हॉटेलशी बोलून बुक केलं तर कधीकधी आगाऊ रक्कम मागतात. ती ‘कापार्रा कोन्फेर्मातोरिया’ म्हणून घेतली असेल तर तुम्ही माघार घेतल्यास बुडते. हॉटेलने शब्द मोडला तर मात्र इटलीच्या दिवाणी संहितेनुसार त्यांनी दुप्पट द्यायची असते. रक्कम कशाबद्दल आहे, हे ईमेलवर लिहून घ्या.

खोलीतून वस्तू चोरीला गेली तर? ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ अशी पाटी लावून हॉटेलला हात झटकता येत नाहीत. कायद्याने त्यांची जबाबदारी खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते; तिजोरीत ठेवायला दिलेल्या वस्तूंना ही मर्यादाही नाही. अट एकच, चोरी कळताच लगेच सांगायचं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर हक्क जाऊ शकतो.

कार्ड स्वीकारणं व्यावसायिकांना बंधनकारक आहे, आणि २०२२ पासून नकाराला दंड आहे. तरी ‘मशीन बिघडलंय’ कानावर पडेलच. खिशात थोडी रोकड असू द्या. कार्ड यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत की त्यांचा महाग विनिमय दर लागतो.

तीन रात्री, दोन माणसं : एक हिशेब

एप्रिल किंवा ऑक्टोबर, मधले वार, दोन ताऱ्यांचं हॉटेल, बाथरूम खोलीत, लिफ्टसह.

- खोली, ७५ प्रमाणे : २२५
- शहर कर, माणशी ३ : १८
- न्याहारी बाहेर, माणशी ४ : २४
- दुपारी फोकाच्चा, फारिनाता, फळं, माणशी ७ : ४२
- रात्रीचं जेवण कोपेर्तोसह, माणशी २२ : १३२
- बस, मेट्रो, शहरातल्या लिफ्ट : ३०
- किरकोळ : १०

एकूण ४८१ युरो, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आसपास. यात मिलानहून येण्याचं तिकीट नाही. स्थानिक गाडीचं माणशी साधारण १५ युरो पडतं, वेळ दोन तासांच्या आत-बाहेर. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर दंड होतो. मत्स्यालयाचं तिकीटही यात धरलेलं नाही. ते एकट्याचं तिशीच्या आसपास जातं.

हे आकडे नीट बघा. खोलीचं भाडं एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी आहे. खोली ६५ ची घेऊन तीन रात्रींत ३० युरो वाचतील. पण ती स्टेशनपासून लांब असेल तर रात्रीच्या एक-दोन टॅक्सींत ते परत जातात. उलट एका रात्री ट्राटोरियाऐवजी फारिनाता आणि फळं खाल्लीत तर जवळजवळ तेवढेच पैसे वाचतात, आणि पायांना काही त्रास होत नाही.

बुक करण्याआधी हॉटेलला विचारायचे प्रश्न

साध्या इंग्रजीत ईमेल करा. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.

१. लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या?
२. बाथरूम खोलीत आहे का? सामाईक असेल तर किती खोल्यांत?
३. शहर कर, एसी, उशिरा येणं, सामान ठेवणं, यांचे वेगळे पैसे किती?
४. रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं? नंतर आलो तर दार कोण उघडेल?
५. दोघांना एक मोठी खाट मिळेल की दोन वेगळ्या? (एक मोठी हवी तर ‘मात्रिमोनियाले’, वेगळ्या हव्या तर ‘दोप्पिया’ मागा.)
६. पत्त्यातला क्रमांक काळा की लाल?

क्रूझच्या आदल्या रात्रीपुरतं थांबायचं असेल तर प्रिन्चिपेजवळचं दोन ताऱ्यांचं घ्या, न्याहारीशिवाय. चिंक्वे तेर्रेसाठी चार-पाच रात्री असतील तर ब्रिन्योलेजवळ. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर तीन तारे आणि नीट लिफ्ट. तिथे काटकसर नको. आणि विशी-पंचविशीचे असाल, पाठीवर एकच बॅग असेल, तर जुन्या शहरातली सामाईक बाथरूमची खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक दिवस जास्त राहा.